वाचकांचे प्रश्न : लोरेन केली आणि ब्रिटनमधील सकाळचा पडदा

प्रश्न : ब्रिटिश दूरचित्रवाणीविषयी वाचताना लोरेन केली हे नाव वारंवार आढळते. त्या अभिनेत्री नाहीत, गायिका नाहीत, राजकारणातही नाहीत. मग २०२४ मध्ये बाफ्टाने (ब्रिटिश चित्रपट आणि दूरचित्रवाणी अकादमीने) त्यांना विशेष पुरस्कार नेमका कशासाठी दिला?

उत्तर : एका वाक्यात सांगायचे तर, चाळीस वर्षे सकाळी लोकांशी बोलत राहिल्याबद्दल. १९८४ मध्ये टीव्ही-एएम या वाहिनीच्या स्कॉटलंडमधील वार्ताहर म्हणून केली पडद्यावर आल्या. त्यानंतर मालक बदलले, वाहिन्यांची नावे बदलली, कार्यक्रमांची शीर्षके तर अनेकदा बदलली. पण ब्रिटिश प्रेक्षकाने सकाळी संच लावला की हा चेहरा कुठे ना कुठे दिसत राहिला. २०१० पासून त्यांच्या कार्यक्रमाचे नावच ‘लोरेन’ आहे. आडनावाचीही गरज उरली नाही, यावरून त्यांची ओळख किती रुजली आहे हे कळावे. बाफ्टाच्या पुरस्काराआधी त्यांना २०१२ मध्ये ओबीई आणि २०२० मध्ये सीबीई हे ब्रिटिश राजसत्तेचे सन्मान मिळाले होते.

हा पुरस्कार एका कार्यक्रमासाठी नव्हता, एका कामाच्या प्रकारासाठी होता, असे आम्हाला वाटते. दिवसाच्या कार्यक्रमांकडे समीक्षक सहसा फिरकत नाहीत. रात्रीच्या मालिकांवर स्तंभ भरून लिहिले जाते. सकाळी नऊ वाजता स्वयंपाक, कपडे, आजारपण, चित्रपट आणि कधी एखादी भीषण बातमी हे सारे एकाच तासात, एकाच माणसाने, आवाजाची पट्टी न चुकता कसे हाताळले, याची नोंद क्वचितच कोणी घेतो.

प्रश्न : केली यांचे बालपण आणि शिक्षण कुठे झाले? त्या पत्रकारितेत कशा आल्या?

उत्तर : त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९५९ चा, ग्लासगो शहरातला. सुरुवातीची वर्षे गॉर्बल्स या कष्टकऱ्यांच्या वस्तीत गेली आणि पुढे कुटुंब ईस्ट किलब्राइड येथे राहायला गेले. हे ग्लासगोजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने वसवलेले शहर आहे. जुन्या, दाटीच्या वस्त्यांतील कुटुंबांना तिथे मोकळी घरे मिळाली. शाळा संपल्यावर इंग्रजी आणि रशियन शिकण्यासाठी विद्यापीठात मिळत असलेला प्रवेश त्यांनी सोडला आणि ‘ईस्ट किलब्राइड न्यूज’ या स्थानिक वृत्तपत्रात नोकरी धरली.

स्थानिक वृत्तपत्र ही त्या काळी पत्रकारितेची खरी शाळा होती. नगरपरिषदेच्या सभा, न्यायालयातील किरकोळ खटले, लग्ने, अपघात, शाळांची बक्षीस वितरणे असे सगळे तिथे लिहावे लागे, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटण्याची शक्यता असे. केली यांच्या मुलाखतीत समोरच्याचा मान राखून प्रश्न विचारण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ आम्ही इथे शोधू.

१९८३ मध्ये त्या बीबीसी स्कॉटलंडमध्ये संशोधन सहायक झाल्या. तिथल्या एका वरिष्ठाने ‘तुमच्या या ग्लासगोच्या उच्चारांनी दूरचित्रवाणीवर तुमचा निभाव लागणार नाही’ अशा आशयाचे त्यांना ऐकवले, ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितली आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी बीबीसी सोडली.

प्रश्न : उच्चारांवरून असे ऐकून घेतलेल्या व्यक्तीला टीव्ही-एएमने कसे घेतले? ही वाहिनी कोणती होती?

उत्तर : ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर सकाळची दूरचित्रवाणी १९८३ मध्ये सुरू झाली. १७ जानेवारीला बीबीसीने आपला कार्यक्रम आणला आणि १ फेब्रुवारीला व्यापारी परवान्यावर टीव्ही-एएम आली. प्रथितयश पत्रकारांना घेऊन, गंभीर चेहऱ्याने सुरू झालेली ही वाहिनी पहिल्या काही आठवड्यांतच आपटली. मग तिने सूर बदलला. रंगीबेरंगी स्वेटर घातलेले निवेदक, सोफा, व्यायाम आणि गप्पा आल्या आणि प्रेक्षकही आले. अशा वाहिनीला घोटीव लंडनी उच्चारांपेक्षा शेजारच्या घरातला वाटेल असा आवाज हवा होता. बीबीसीत जे वैगुण्य ठरले, तेच इथे भांडवल ठरले. यात टीव्ही-एएमचे औदार्य कमी आणि गरज अधिक होती, असे आमचे मत आहे.

१९८९ पासून त्या स्टुडिओतील निवेदनाकडे वळल्या आणि १९९० मध्ये माइक मॉरिस यांच्यासह टीव्ही-एएमच्या मुख्य कार्यक्रमाच्या निवेदिका झाल्या. मात्र १९९१ मध्ये परवान्यांचा लिलाव झाला. टीव्ही-एएमने वर्षाला १ कोटी ४१ लाख पौंडांची बोली लावली. प्रतिस्पर्धी गटाची बोली ३ कोटी ४६ लाखांची होती. ३१ डिसेंबर १९९२ ला टीव्ही-एएम बंद पडली आणि दुसऱ्याच सकाळी विजेत्या गटाची जीएमटीव्ही सुरू झाली. जुन्या वाहिनीतून नव्या वाहिनीत जाऊन टिकणारे निवेदक थोडे होते; केली त्यांपैकी एक. मार्च १९९३ पासून त्या एमन होम्स यांच्याबरोबर मुख्य कार्यक्रमात बसू लागल्या.

प्रश्न : बाळंतपणाच्या रजेवर असताना त्यांचे काम गेले होते, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : केली यांनी स्वतः तसे सांगितले आहे. १९९४ च्या जूनमध्ये त्यांना मुलगी झाली आणि त्या रजेवर असतानाच मुख्य कार्यक्रमातील त्यांची जागा गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई आणि बाळ या विषयावरील छोट्या, तात्पुरत्या भागासाठी त्यांना परत बोलावण्यात आले. तो भाग प्रेक्षकांना इतका आवडला की त्यांना स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. पुढे नावे बदलत तोच कार्यक्रम २०१० पर्यंत चालला आणि जीएमटीव्हीच्या जागी आयटीव्ही या ब्रिटनच्या मोठ्या खासगी वाहिनीने नवी रचना आणली तेव्हा ६ सप्टेंबर २०१० पासून ‘लोरेन’ झाला. म्हणजे ज्या कार्यक्रमाने त्यांना घराघरांत नेले, त्याची सुरुवात त्यांना बाजूला सारण्यातून झाली.

त्याच दिवशी आयटीव्हीने मोठा गाजावाजा करून ‘डेब्रेक’ नावाचा सकाळचा मुख्य कार्यक्रमही सुरू केला होता. बीबीसीकडून खेचून आणलेले एड्रियन चाइल्स आणि क्रिस्टीन ब्लीकली त्याचे सूत्रसंचालक होते. २०११ संपण्यापूर्वीच दोघे पायउतार झाले. २०१२ मध्ये आयटीव्हीने डेब्रेक सावरण्यासाठी केली यांनाच एलेड जोन्स यांच्यासोबत बसवले. तेही फारसे साधले नाही आणि एप्रिल २०१४ मध्ये डेब्रेक बंद झाला. गंमत म्हणजे त्याच क्रिस्टीन, लग्नानंतरच्या क्रिस्टीन लॅम्पार्ड या नावाने, आता केली सुटीवर असताना ‘लोरेन’ सांभाळतात.

प्रश्न : हलक्याफुलक्या गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या व्यक्तीला गंभीर पत्रकार म्हणता येईल का?

उत्तर : हा प्रश्न ब्रिटनमध्येही विचारला जातो, आणि त्याला उत्तर देण्यासाठी दोन ठिकाणांची नावे घ्यावी लागतात.

पहिले लॉकरबी. २१ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन अॅम १०३ हे विमान दक्षिण स्कॉटलंडमधील या लहानशा गावावर बॉम्बस्फोटाने कोसळले. विमानातील सर्व २५९ जण आणि गावातील ११ जण, असे २७० लोक मृत्युमुखी पडले. टीव्ही-एएमची स्कॉटलंडमधील वार्ताहर म्हणून त्या रात्री तिथे लवकर पोहोचलेल्या पत्रकारांमध्ये केली होत्या. तिथे त्यांनी पाहिलेल्या दृश्यांविषयी त्या नंतर बोलल्या आहेत, पण तपशिलांत फारशा शिरत नाहीत, आणि हा संयम आम्हाला बोलका वाटतो.

दुसरे डनब्लेन. १३ मार्च १९९६ ला तिथल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एका बंदूकधाऱ्याने १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. मुले पाच-सहा वर्षांची होती. केली बातमीसाठी तिथे गेल्या. आपले मूल गमावलेल्या एका आईशी त्यांची त्या दिवसांत ओळख झाली आणि पुढे ती मैत्रीत बदलली. या हत्याकांडानंतर पालकांनी आणि स्थानिक लोकांनी चालवलेल्या स्नोड्रॉप मोहिमेला देशभर पाठिंबा मिळाला आणि १९९७ मध्ये संमत झालेल्या दोन कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुले बाळगण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. पंचवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, केली यांनी डनब्लेनला परत जाऊन आयटीव्हीसाठी माहितीपट केला. बातमी शिळी झाल्यावर वार्ताहराचा त्या कुटुंबाशी संबंध संपतो, हा या व्यवसायातला सर्वसाधारण अनुभव. इथे तो संपला नाही.

तेव्हा, होय, त्या पत्रकारच आहेत, असे आमचे उत्तर आहे. सोफ्यावर बसून पाककृतीकडून एखाद्या आईच्या दुःखाकडे वळताना त्यांचा सूर खोटा वाटत नाही, याचे कारण सोफ्यावर येण्याआधीची ती वर्षे आहेत.

प्रश्न : ‘लोरेन केली स्वतः लोरेन केली असण्याचा अभिनय करतात’ असा निकाल न्यायालयाने दिला आणि त्यांचा कर वाचला, असे एका चर्चेत ऐकले. हा विनोद आहे की खरेच असे घडले?

उत्तर : घडले, पण वृत्तपत्रांनी मथळ्यांत सांगितले तसे नव्हे. गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, पण समजून घेण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये अनेक सूत्रसंचालक वाहिनीशी वैयक्तिक करार करण्याऐवजी स्वतःच्या मालकीच्या छोट्या कंपनीमार्फत काम करतात. वाहिनी मोबदला कंपनीला देते. नोकरदाराच्या पगारातून प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी मालक आधीच कापून घेतो. कंपनीला मिळालेल्या रकमेतून तशी कपात होत नाही. हा मार्ग केवळ कर वाचवण्यासाठी वापरला जाऊ नये म्हणून २००० मध्ये एक नियम आला, तो आयआर३५ या नावाने ओळखला जातो. त्याची कसोटी अशी : मधली कंपनी क्षणभर बाजूला ठेवा आणि पाहा, ही व्यक्ती प्रत्यक्षात नोकरच आहे का? असेल, तर कर नोकरासारखाच भरावा लागेल.

केली यांची कंपनी अल्बाटेल या नावाची होती. ‘डेब्रेक’ आणि ‘लोरेन’ या कार्यक्रमांसाठी २०१२ मध्ये झालेल्या कराराबाबत करखात्याचे म्हणणे असे होते की केली या आयटीव्हीच्या नोकर आहेत, आणि त्यानुसार त्यांच्याकडून सुमारे १२ लाख पौंड येणे आहे. मार्च २०१९ मध्ये करविषयक न्यायाधिकरणाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

निर्णयाचा मुख्य आधार अभिनय नव्हता. आधार होता ताबा, म्हणजे काम कसे करायचे हे कोण ठरवते हा मुद्दा. भागात काय आधी आणि काय नंतर घ्यायचे, मुलाखतीला कोणती दिशा द्यायची, कोणता प्रश्न विचारायचा, यांत शेवटचा शब्द बहुतांशी केली यांचा होता. आजारी पडल्यास पगार नाही, भरपगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. शिवाय त्या वृत्तपत्रांत स्तंभ लिहीत आणि इतरही कामे घेत. ही सर्व लक्षणे नोकराची नाहीत, असे न्यायाधिकरणाने म्हटले.

अभिनयाचा मुद्दा वेगळ्याच ओळीतून आला. अभिनेते, गायक, नर्तक यांच्यासारख्या कलावंतांना, ते नोकर ठरले तरी, आपल्या एजंटला दिलेले कमिशन करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा ब्रिटिश कायदा देतो. केली या वर्गात बसतात का, हा दुय्यम प्रश्न होता. त्यावर न्यायाधिकरणाने म्हटले की त्या पडद्यावर जशाच्या तशा स्वतः येत नाहीत, तर स्वतःचे एक रूप सादर करतात आणि आयटीव्ही पैसे मोजते ती त्या रूपासाठी. समोरचा पाहुणा त्यांना आवडत नसेल, चाखलेला पदार्थ रुचला नसेल, पाहिलेला चित्रपट कंटाळवाणा वाटला असेल. तरीही प्रेक्षकांना जे दिसते ते प्रसन्न असते, आणि सादरीकरण आहे ते नेमके तिथे. मथळ्यांनी हा भाग उचलला आणि ‘आनंदी असण्याचे नाटक’ म्हणून त्यांची टर उडवली.

आम्हाला मात्र ही टर अन्यायाची वाटते. पहाटे उठून, घरात काय घडले आहे हे बाजूला ठेवून, अनोळखी माणसाला कॅमेऱ्यासमोर मोकळे करणे हे कौशल्य आहे. ते सहज वाटते म्हणून ते नाही असे होत नाही. पडद्यावरच्या प्रेमळ लोरेनला खोटी ठरवणाऱ्या टीकाकारांनी न्यायाधिकरणाचे निरीक्षण उलटे वाचले. त्यात फसवणुकीचा आरोप नव्हता. कामाचे वर्णन होते.

हा निकाल सर्वांना लागू पडला असेही नाही. बीबीसीच्या प्रादेशिक बातम्यांच्या निवेदिका क्रिस्टा अॅक्रॉइड २०१८ मध्ये अशाच वादात हरल्या होत्या. केली यांचे जुने सहकारी एमन होम्स यांनीही आयटीव्हीच्या ‘धिस मॉर्निंग’ या कार्यक्रमातील कामाबाबत दाद मागितली. २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय गेला, कारण त्यांच्या बाबतीत ताबा वाहिनीचा आहे असे न्यायाधिकरणाला दिसले. एकच वाहिनी, सकाळची वेळ, दोघांचेही काम बाहेरून सारखे दिसणारे. पण करारातील कलमे आणि रोजची कामाची पद्धत यांवर निकाल फिरतो.

प्रश्न : त्या नेहमीच इतक्या गोड बोलतात का? कधी तोल गेला नाही का?

उत्तर : तोल गेला असे म्हणणार नाही, पण मुखवटा सरकलेला जून २०१९ मध्ये सर्वांनी पाहिला. हुजूर पक्षाच्या नेतेपदाच्या शर्यतीत उतरलेल्या एस्थर मॅकव्हे आयटीव्हीवर ‘लोरेन’च्या आधी लागणाऱ्या ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ कार्यक्रमात आल्या होत्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या जीएमटीव्हीवर केली यांच्या सहकारी होत्या. मुलाखत संपल्यावर, पुढच्या कार्यक्रमाची झलक देण्यासाठी पडदा केली यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांना विचारण्यात आले की जीएमटीव्हीच्या दिवसांतल्या एस्थर आठवतात का. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ‘हो, आठवते’ एवढेच म्हणून केली यांनी थेट आपल्या कार्यक्रमात काय आहे ते सांगायला सुरुवात केली. ती काही सेकंदांची चित्रफीत दिवसभर देशभर फिरली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयी मॅकव्हे यांची जी भूमिका आहे ती आपल्याला मान्य नाही, असे केली यांनी नंतर सांगितले. ज्यांना न्यायाधिकरणाचा तीन महिन्यांपूर्वीचा तो परिच्छेद समजला नव्हता, त्यांना या चित्रफितीने तो चांगला समजावला असावा.

प्रश्न : पडद्याबाहेर त्यांनी काय केले आहे?

उत्तर : बरेच काही, त्यातील मोजके सांगतो. २००४ ते २००७ या काळात त्या डंडी विद्यापीठाच्या रेक्टर होत्या. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांची बाजू मांडणारे हे पद डंडीत विद्यार्थी मतदानाने भरतात. तिथे या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. डंडी हे त्यांच्या आयुष्यातले महत्त्वाचे गाव आहे. टीव्ही-एएमच्या कॅमेरामनशी त्यांचे लग्न १९९२ मध्ये तिथेच झाले आणि डंडी युनायटेड या फुटबॉल संघाच्या त्या कट्टर समर्थक आहेत. २०११ मध्ये कॉमिक रिलीफ या धर्मादाय उपक्रमासाठी त्यांनी इतर कलावंतांसोबत केनियातील वाळवंटात पदयात्रा केली. त्यांच्या कार्यक्रमाने २०१९ पासून चालवलेली ‘चेंज अँड चेक’ ही मोहीम स्तनांच्या कर्करोगाविषयी आहे : दुकानांतील कपडे बदलण्याच्या खोल्यांत, आरशाजवळ, स्वतःची तपासणी कशी करावी आणि कोणती लक्षणे पाहावीत हे सांगणाऱ्या पट्ट्या लावल्या जातात. स्त्री एकटी, आरशासमोर आणि कपडे उतरवलेल्या स्थितीत असते ती हीच जागा, हे ज्याने हेरले त्याचे कौतुक वाटते. २०२४ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली; तिची पार्श्वभूमी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांची आहे.

प्रश्न : त्यांचा कार्यक्रम बंद होणार असल्याचे कानावर आले. वस्तुस्थिती काय आहे?

उत्तर : बंद नव्हे, आखूड. मे २०२५ मध्ये आयटीव्हीने दिवसाच्या कार्यक्रमांतील मोठी कपात जाहीर केली. त्यानुसार जानेवारी २०२६ पासून ‘लोरेन’ तासाभराऐवजी अर्धा तास, साडेनऊ ते दहा, आणि वर्षाचे केवळ तीस आठवडे. नऊ ते साडेनऊचा अर्धा तास ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’कडे जातो, आणि ‘लोरेन’ नसेल त्या आठवड्यांत तो कार्यक्रम दहापर्यंत चालतो. दुपारच्या ‘लूज विमेन’ या चर्चात्मक कार्यक्रमालाही तीस आठवड्यांचीच मर्यादा घालण्यात आली.

कारण उघड आहे. जाहिरातींचे उत्पन्न इंटरनेटकडे सरकले, तरुण प्रेक्षक सकाळी संच लावत नाहीत, आणि रोज थेट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम पूर्वचित्रित मालिकेसारखा पुन्हा विकता येत नाही. आयटीव्हीने वाचणारा पैसा इतर प्रकारच्या कार्यक्रमांकडे वळवण्याचे ठरवले. वाहिनीच्या हिशेबाने हे चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र वृत्तपत्रांतील चर्चा ‘लोरेन राहणार की जाणार’ एवढ्यापुरती फिरत राहिली, हे आम्हाला खटकले. केली यांचे नाव आणि कार्यक्रम दोन्ही राहिले. या फेरबदलात २२० हून अधिक पदे जाणार असल्याचे त्याच घोषणेत होते, आणि ती पदे पाहुणे ठरवणारे, संशोधन करणारे, ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे अशा पडद्यामागच्या माणसांची आहेत. १९८३ मध्ये स्वतः केली यांनी दूरचित्रवाणीत प्रवेश केला तो अशाच एका संशोधन सहायकाच्या पदावरून.